आपांकडचा अर्धा रशिया

आपा गेल्या आणि रशियाची राज्यक्रांती त्यांच्या घरीच राहिली.

खरंच सांगतेय.

रझियाआपा आमच्या धाराशिवच्या गल्लीतल्या, अगदी शेजारच्या. रिटायर्ड शिक्षिका. रशियाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आम्ही दोघींनी मिळून घेतलं. हातात धरलं की मनगट दुखायचं.

आपांनी ते सरळ बाइंडरकडे नेलं आणि मधोमध कापून दोन पुस्तकं करून आणली!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. पान दुमडलं तरी सिस्टर बाकावर उभं करायच्या. मी ओरडलेच.

"आपा, हे काय केलंत?"

"तुझं वाचून होईस्तोवर मी थांबू व्हय? माझं वय बघ की!"

पहिला भाग मला दिला. दुसरा त्यांनी ठेवला. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की आमच्या ओट्यावर यायच्या, मग दोघींचा रशिया सुरू.

त्याआधी आम्ही एका ननची कादंबरी वाचली होती. तिला एके दिवशी प्रार्थनाच जमेना.

"तुमच्या सिस्टर रडायच्या का गं कधी? घर आठवायचं का त्यांना?" आपांचे प्रश्न.

दहा वर्षं सिस्टरांसमोर बसले, पण हे कधी मनातच आलं नव्हतं.

"पण श्रद्धा अशी अचानक कशी जाते, आपा?"

"अचानक न्हाय जात. रोज थोडी थोडी जात असंल. तिला उशिरा कळलं."

माझा भाग संपतो तिथं लोक झारच्या राजवाड्याकडे निघालेत. हातात देवाच्या तसबिरी आणि खुद्द झारचा फोटो. बाप म्हणायचे ते त्याला. बापाकडे गाऱ्हाणं घेऊन निघालेत.

आणि पान संपतं.

"पुढं काय झालं, आपा?"

"सांगू?"

"नको! थांबा... बरं, सांगा."

"आता न्हाय. उद्या. जरा तरसू दे तुला."

पहाटे त्यांना हार्ट अटॅक आला.

मोबाइलवर शोधलं तर दोन मिनिटांत सापडेल, माहीत आहे. पण मला ते आपांच्या तोंडून ऐकायचं होतं. निदान त्यांच्या भागातून.

काल त्यांचा चाळीसवा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाची दुवा होती. माणसांनी भरलेल्या घरात अर्धं पुस्तक कसं मागायचं? मी न मागताच निघाले. दारात त्यांची सून निलोफर आली.

"मावशी, अम्मींचं ते पुस्तक..."

"राहू दे गं, घाई नाही."

"देणारच न्हाय मी! मी वाचायलेय ते. अम्मी स्वयंपाकघरात वाचून दाखवायच्या ना. पण लोक त्या झारवर एवढे का चिडलेत, तेच कळंना. आधीचं तुमच्याकडं हाय म्हणं. ऐकायला येऊ का उद्या?"

आज आली. तास-दीड तास बोललो. ती तर आपांपेक्षा जास्त प्रश्न विचारते.

राजवाड्यापर्यंत अजून पोचलोच नाही.

आपा, तुम्हाला मनापासून सलाम.