अंबूबाईनं कोर्टात भरलेल्या ओट्या

तालुक्याच्या कोर्टात अंबूबाई शिपाई म्हणून लागली ती नवऱ्याच्या जागेवर. नवरा ज्ञानू तिथंच पट्टेवाला होता. कावीळ अंगावर काढली आणि गेला. माणूस तसा वाईट नव्हता, असं अंबूबाई सगळ्यांना सांगायची. हात उचलायचा, पण शेजारी ऐकू जाईल असा कधी नाही. अंबूबाई माणदेशातली, दहिवडीच्या पलीकडची. तिकडं पाऊस आणि नवरा मिळेल तसा घ्यायचा, कुरकुर करायची नाही, असं तिच्या आईनं तिला शिकवून धाडलं होतं.

शाळा जेमतेम. पण पुकाऱ्याला शाळा लागत नाही, गळा लागतो. ज्याची केस निघाली त्याचं नाव कोर्टाच्या दारातून मोठ्यानं घ्यायचं, की तो माणूस आत येतो. बाईचा आवाज काय पुरणार, म्हणून वकील मंडळी मिशीत हसली होती. अंबूबाईचा गळा माळावर शेळ्या हाकून तयार झालेला. पहिल्याच दिवशी तिनं असा पुकारा दिला, की झेरॉक्सच्या टपरीवर उभा असलेला एक माणूस, ज्याची कसली केसच नव्हती, तोही हात जोडून आत आला. त्या दिवसापासून कुणी हसलं नाही.

दुसरं एक काम होतं, ते तिला कुणी दिलं नव्हतं. तिनंच घेतलं होतं. नवराबायकोची भांडणं कोर्टात आली की ती मिटवायची.

तिची रीत ठरलेली. मार खाऊन आलेली पोरगी व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलेली असायची. त्याच बाकड्यावर पलीकडं सासू, नवरा, चुलतसासरा. अंबूबाई पोरीच्या पाठीवर हात ठेवून तिला टपरीमागं पाण्याच्या टाकीपाशी न्यायची, चहा पाजायची आणि समजवायची. समजवायला लागली की मधे श्वास घ्यायची नाही. पोरगी मान हलवेपर्यंत चहा गार झालेला असायचा. मग आत जाऊन तडजोडीचा कागद व्हायचा, अर्ज मागं घेतला जायचा, आणि बाहेर आल्यावर अंबूबाई पोरीची ओटी भरायची. खण तिच्या पिशवीत असायचाच. नारळ वकील आणून द्यायचे, त्यांनाही एक केस हातावेगळी झाल्याचं बरं वाटायचं. रिकाम्या पदरानं लेक सासरी धाडायची नाही, एवढंच तिच्या मनात. मुसलमानाची पोरगी असली तरी नारळ चुकत नसे, तिची सासूही पदर पुढं करून मान घ्यायची. बदलून गेलेल्या एका जज्जसाहेबांनी तर झेंडावंदनाला तिचं नाव घेऊन कौतुक केलं होतं.

अशी भरल्या ओटीनं गेलेली पोरगी पुन्हा कोर्टात दिसत नसे. अंबूबाई हे मोठ्या मानानं सांगायची. जी माणसं दिसत नाहीत ती सुखात असतात, असं धरून चाललं की आपल्यालाही बरं पडतं.

संयोगिताची ओटी तिनं दिवाळीच्या आधी भरली. ही पोरगी मेढ्याकडच्या डोंगरातली, दिली होती खाली कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरात. नवरा जयराज बोलायला गोड. त्यानं सगळ्यांदेखत अंबूबाईच्या पाया पडून, पुन्हा हात उचलणार नाही म्हणून शपथ घेतली. पोरगी काही बोलली नाही. लाजत असंल, असं अंबूबाईला वाटलं. हिरवा खण, नारळ, पाच मुठी तांदूळ पदरात घालून तिनं तिला जयराजच्या गाडीत बसवलं आणि पुढचा पुकारा द्यायला गेली.

थंडी सरता सरता वरून हुकूम आला, की कोर्टातल्या सगळ्यांनी साताऱ्याला शिकवणीला जायचं. बायकांवर घरात होणारी मारहाण, आणि तसली बाई कोर्टात आली की तिच्याशी कसं वागायचं, याची शिकवणी. जज्जसाहेबांची आधीच झाली होती, आता कारकून, बेलिफ, शिपाई यांची. बेलिफ म्हणजे समन्स घेऊन गावोगाव फिरणारा. तालुक्याचा बेलिफ बिरदेव म्हणाला, साहेबांना शिकवा की, आमी काय निकाल देतो व्हय? अंबूबाईला तर हसूच आलं. जन्मभर पोहलेल्याला हे विहीर दाखवणार. पण जेवण होतं, गाडीभाडं होतं, आणि साताऱ्यातनं येताना कंदी पेढे आणता येणार होते. गेली.

शिकवायला सांगलीच्या तहरीम मॅडम होत्या. वकीलच, वयानं लहान, आवाज हळू. अंबूबाईनं मनात म्हटलं, हिला पुकारा द्यायला उभी केली तर व्हरांड्यातसुद्धा ऐकू जायचं नाही. सकाळभर कायदा झाला. तो तिनं डोळे उघडे ठेवून झोपेत ऐकला. जेवणात शिरा होता.

जेवणानंतर मॅडमनी नाटुकलं करायला सांगितलं. कोर्टातलाच देखावा, पण माणसं बदलून. मिशीवाल्या हेडक्लार्कनं डोक्यावरून टॉवेल घेतला आणि सासू झाला. बिरदेवनं स्वतःहून अंबूबाईचं काम मागून घेतलं. अंबूबाईला मॅडमनी मार खाऊन आलेली पोरगी केलं.

बिरदेव अंगानं पैलवान, पण नकलेत त्याचा हात कुणी धरत नसे. तो अंबूबाईसारखा कमरेवर हात देऊन आला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला खुर्च्यांच्या मागं घेऊन गेला.

"बाय माजी, आदी चा पी. मार कुनाला चुकलाय? मी न्हाई खाल्ला? भांड्याला भांडं लागतंच की गं. लेकराकडं बघ. उद्या भावजय चार दिस कौतुक करील, पाचव्या दिसाला भाकरी मोजंल. त्यो बघ, कसा खाली मान घालून बसलाय गरीब. चल, डोळं पूस. नारळ कुठं हाय रं?"

सगळी सभा पोट धरून हसली. अंबूबाईही हसली. हुबेहूब तिच्यासारखं केलं होतं मेल्यानं. टॉवेलवाली सासू तर खुर्चीवरून घसरली.

हसणं खाली बसल्यावर तहरीम मॅडमनी अंबूबाईला विचारलं, "ताई, तुम्ही आज कोर्टात काय सांगायला आला होता?"

अंबूबाईनं तोंड उघडलं. पोरगी म्हणून उभी होती, काहीतरी सांगायला पाहिजे होतं. पण काय सांगायचं ते सुचेना. तिनं बिरदेवकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं.

"मला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली.

मॅडमनी त्यावर भाषण केलं नाही. बरं म्हणाल्या आणि बसा म्हणाल्या. मग पुढचं सांगितलं. अशा बाईला सासरच्यांच्या बाकड्यावर बसवू नका. मिटवा म्हणून तुम्ही सांगू नका. हेडक्लार्क टॉवेल घडी करत म्हणाला, मग काय कोर्टानं संसार मोडायचे? त्यावर मॅडम म्हणाल्या, "काय करायचं ते ती बाई ठरवील, आणि निकाल द्यायला जज्जसाहेब पगार घेतात. तुम्ही तिला फक्त दार दाखवा."

परत येताना गाडीत बिरदेव पुन्हा नक्कल करायला लागला, तर अंबूबाई त्याच्यावर खेकसली. कशाला ते त्यालाही कळलं नाही आणि तिलाही. पेढे आणायचे राहून गेले. पुढं कित्येक दिवस ती टपरीमागं कुणाला घेऊन गेली नाही. वकील विचारायचे, मावशी, नारळ आणू का? ती म्हणायची, गुडघा दुखतोय. गुडघ्याचा आणि नारळाचा काय संबंध, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी ती दारात उभी होती, तेव्हा फाटकाशी तिला संयोगिता दिसली. तोंडावरून पदर, एक हात गळ्यात बांधलेला. पोरीनंही तिला पाहिलं, आणि पाहिल्याबरोबर वळली आणि रस्त्यापलीकडं रसवंतीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.

अंबूबाईला आधी राग आला. ओटी भरून धाडली होती आणि ही परत आली. पिकलेल्या केसांचा काही मान? मग तो बांधलेला हात तिच्या ध्यानात आला, आणि राग कुणावर धरायचा ते कळेना.

आत संयोगिताची केस निघाली. नवा अर्ज होता. तिच्या बाजूनं दिलेला सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला. जज्जसाहेब म्हणाले, अर्जदार बाई हजर नसेल तर अर्ज काढून टाकावा लागेल, पुकारा द्या. अंबूबाईनं दारात येऊन पुकारा दिला. रसवंतीच्या आडोशाचा पदर हलला नाही. दुसऱ्यांदा दिला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, पण पोरगी जागची हलेना.

व्हरांड्यात बाकड्यावर जयराज आणि त्याची आई बसली होती. जयराज उठून जवळ आला, पुन्हा तसाच गोड.

"मावशी, कशाला गळा फोडताय? ती यायची न्हाई. लाजती तुमाला. आमी घरात सांगूनच ठिवलंय, तुजी ओटी कोर्टानं भरून धाडलीया, आता कोर्टात कंच्या तोंडानं जाशील?" तो हसला. "लय उपकार झालं बगा तुमचं."

तो हे खरंच उपकार मानून बोलत होता. आजवर किती पोरींना हे घरात ऐकवलं गेलं असंल, ते मोजायला अंबूबाई गेली नाही. तिसरा पुकारा द्यायचा राहिला होता. तो देऊन आत गैरहजर म्हणून सांगितलं, की संपलं.

तिनं तो दिला नाही. ती आत गेली आणि भर कोर्टात, शिपायानं कधी बोलू नये तिथं, बोलली. "साहेब, बाई आलीया. रस्त्यापल्याड हाय. जरा कळ काढा."

हेडक्लार्कनं डोळे वटारले. साहेब तरुण होते. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तोवर पुढची केस घेतो. घेऊन या."

रसवंतीपाशी गेल्यावर संयोगितानं मान खालीच घातली. मावशी, तुमची ओटी मला राखता आली नाही, असं काहीतरी पुटपुटली. म्हणजे हात मोडला तिचा आणि माफी तीच मागत होती.

"ती ओटी मी भरली," अंबूबाई म्हणाली. "कोर्टानं न्हाई. कोर्टाला काय ठावं, खण कशाशी खात्यात ते. माजं चुकलं. तुला आत यायचं आसंल तर ये, न्हाई तर नगं. तुजं तू ठरीव."

पोरीनं रस्त्यापलीकडच्या व्हरांड्याकडं पाहिलं. उसाचा चरक किरकिरत होता. मग म्हणाली, "बाकड्यावर आत्याबाई हायत्या."

"दुसरं दार हाय."

मागच्या दारानं अंबूबाईनं तिला आणलं आणि शिपाई जिथं डबा खातात त्या खोलीत बसवलं. चहा दिला. आणि गप्प बसली. हे तिच्यानं कसं झालं, ते तिचं तिला माहीत. तोंडात शंभर गोष्टी आल्या असतील. मग तिसरा पुकारा दिला, आणि संयोगिता आत गेली.

साहेबांनी विचारलं, काय सांगायचंय? संयोगिता उभी राहिली आणि तिला शब्द सापडेना. जयराज मागं खाकरला. साहेबांनी पुन्हा विचारलं. दारातल्या अंबूबाईला सगळं ठाऊक होतं, हात कसा मोडला असंल, कशावरून मोडला असंल, काय सांगितलं म्हणजे साहेबांना कळंल. तिचं तोंड उघडलंही. मग तिनं पदराचा बोळा केला आणि दातात धरला. अशी एक वेळ होती, की पोरगी बोललीच नसती आणि सगळंच वाया गेलं असतं. अंबूबाईला तेही दिसत होतं, आणि तरी ती बोलली नाही.

"ऊस तोडायचं टोळीवालं येनार हुतं," संयोगिता एकदम म्हणाली. "जेवान उशिरा झालं." आणि मग थांबली नाही. आवाज बारीक होता, पण सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधीचंही सांगितलं, जे तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच दिवशी हुकूम झाला, की निकाल लागेपर्यंत जयराजनं तिच्या अंगाला हात लावायचा नाही, तिच्या माहेरी जाऊन गोंधळ घालायचा नाही. बाकी केस चालू राहिली. कोर्टातल्या केसेस अशा एका दिवसात संपत नसतात. संयोगिता मेढ्याकडं आईपाशी राहते, तारखेला एसटीनं येते, कधी तारीख पडते, कधी साहेब रजेवर असतात. हात बरा झाला, पण पूर्वीसारखा वळत नाही.

त्या दिवशी बाहेर पडताना जयराजची आई अंबूबाईसमोर उभी राहिली. म्हणाली, "स्वोता मार खाऊन नांदलीस, आन् आमचं घर मोडायला बसलीस व्हय गं?"

अंबूबाईनं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आवं, दारातनं जरा बाजूला व्हा. लोकास्नी आत यायचंय."

आणि पुढच्या केसचा पुकारा दिला.