चातुर्मासातला कांदा

आमच्या कॉलनीमागे गॅसचं स्टेशन झालं. टँकरमधून बर्फापेक्षा गार, पातळ गॅस यायचा. तिथे त्याचा पुन्हा वायू करून शहरात सोडायचे. पहाटे भिंतीवरून पांढरं धुकं उतरायचं, दिवसभर घरघर चालायची आणि आईच्या कुरडया तीनऐवजी पाच दिवसांनी वाळल्या. तेवढं आम्ही चालवून घेतलं.

मग चातुर्मास लागला. आमच्याकडे कांदेनवमीला पोटभर भजी खाऊन बंद झालेला कांदा थेट कार्तिकातच घरात येतो. पण आठवडाभरातच घरात कांद्याचा वास सुटला, तोही कुजक्या कांद्याचा.

आईला चौकशीची गरज वाटली नाही. पूर्वी एका श्रावणात बाबांच्या खिशात कचोरीचा तेलकट कागद सापडला होता, तेवढा पुरावा तिला पुरला.

"अहो, सच सांगा, बाहेर प्याज खाऊन आले ना तुम्ही?"

"नाही खाल्ला," बाबा म्हणाले आणि गप्प बसले. वास काही जाईना. शेवटी आईने निकाल दिला, कांदा खाणाऱ्याने देवांना हात लावायचा नाही. बाबांची चाळीस वर्षांची पूजा माझ्याकडे आली. ते देवघराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि माझं काही चुकलं की खोकत.

आता खरं सांगतो. ऑफिसातून येताना माधवनगरात कांद्याची कचोरी रोज मीच खात होतो. वास माझाच, याबद्दल मला शंका नव्हती. बडीशेप चघळली, दोन-दोनदा आंघोळ केली. कचोरी सोडायचं मात्र सुचलं नाही. बाबांना बाहेर बसवून देवांना गंध लावताना स्वतःची लाज वाटायची. पण आईची भीती त्या लाजेपेक्षा मोठी होती.

एके दिवशी स्टेशनचा माणूस हातात यंत्र घेऊन दारात आला. "माताजी, कोई बदबू तो नहीं आ रही?"

आईने आधी बाबांकडे पाहिलं. मग आवाज हळू करून म्हणाली, "प्याज की?"

"वही! गैस की अपनी बास नहीं होती. लीकेज पता चले इसलिए हम बदबू वाली दवा मिलाते हैं. उसी की टंकी रिस रही थी. इतने दिन फोन क्यों नहीं किया?"

"घर की बात बाहर कैसे बोलते?"

समोरच्या घरात तर सासूबाई सुनेचा डबा हुंगून बघत होत्या, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी आईने बाबांचं सोवळं देवघरासमोर ठेवलं. बाबा गंध उगाळायला बसले. मला राहवेना. शेजारी बसून म्हणालो, "बाबा, वास गॅसचा होता, पण कचोरी मी खात होतो."

"मालूम आहे," ते हात न थांबवता म्हणाले. "मला वाटलं, वास तुझाच. दुसऱ्यांदा नाही म्हटलं असतं, तर तिने तुला पकडलं असतं."