गिरजामायनं विचारलेला प्रश्न

प्रभूबद्दल चार लोकांना सांगावं, ही हाक माझ्यासाठी नाहीच, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. माझे मालक गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, ९४ साली, मी नाचणगावच्या शाळेवर बदलून आले. मूलबाळ नव्हतं. गल्लीत ख्रिस्ती अशी मी एकटीच. रविवारी चालत पुलगावला उपासनेला जायचं, परत येऊन कुलूप काढायचं आणि सोमवारची शाळा येईपर्यंत कुणाशी बोलणं नाही, असे दिवस होते.

त्याच हिवाळ्यात चर्चच्या मंडळीतल्या दोन भगिनींबरोबर आष्टीच्या बाजारात सुवार्तेची पत्रकं वाटायला गेले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पत्रक हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "बाई, तुमाले यानं काय भेटलं?" टिंगल नव्हती त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र घरातली माझी एकटीची खाट उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटेना. तो पत्रक नीट घडी करून खिशात घालून निघून गेला. बसमध्ये भगिनी गाणी म्हणत होत्या आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यानंतर पाळकसाहेबांनी पुष्कळदा सांगितलं, पण मी पुन्हा कधी गेले नाही. उपासनेत उठून साक्ष द्यायची, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची वेळ आली की मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. विश्वास सुटला नव्हता. पण जे स्वतःलाच नीट सांगता येत नाही ते दुसऱ्याला काय सांगणार?

२००२ साली माझा आवाज बसला. आधी वाटलं, वर्गात ओरडून बसला असेल. दोन महिने झाले तरी सुधारेना, तेव्हा वर्ध्याला दाखवलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ती काढून तपासायला पाठवली आणि डॉक्टरांनी बजावलं की अहवाल येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. पंधरा दिवसांची रजा टाकून मी घरी आले. न बोलणं जड गेलं नाही, याचंच मला रडू आलं. घरात बोलायला होतं तरी कोण? रोज पहाटे उठून मी एक भक्तिगीत म्हणत असे, तेही बंद झालं. प्रार्थनेला बसले की मनातही शब्द येत नसत. नुसती भीती येई.

चौथ्या दिवशी शेजारची गिरजामाय दारात येऊन उभी राहिली. ती कुणबी घरातली, साठीची. मुलगा आणि सून दिवसभर वावरात असायचे. तिची लेक पहिल्या बाळंतपणात गेली, हे मी गल्लीत ऐकलं होतं. आमचं बोलणं भिंतीवरून 'जेवण झालं का' एवढंच.

"बाई, सकायचं गाणं काऊन बंद केलं?" तिनं विचारलं.

मी गळ्याकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिणार होते, पण तिला वाचता येत नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तुमच्या देवाची येळ चुकाले नोको. मी म्हणतो आज."

आणि तिनं माझं गाणं म्हटलं. आठ वर्षं भिंतीपलीकडून ऐकून तिला चाल पाठ झाली होती. शब्द निम्मे चुकलेले होते. मधल्या ओळी तिच्या स्वतःच्या, जात्यावरच्या. प्रभूचं नाव तेवढं बरोबर होतं. मी ऐकत राहिले आणि कितीतरी दिवसांनी मला मोकळेपणानं रडता आलं. अहवाल येईपर्यंत ती रोज आली.

अहवाल चांगला निघाला. गाठ साधी होती. आवाज हळूहळू परतला, जरा घोगरा, तो तसाच राहिला. मग एका दुपारी सुपात तूर निवडता निवडता गिरजामाय म्हणाली, "ज्याचं गाणं म्हटलं, तो देव हाये तरी कोण?" तेव्हा मी सांगितलं. पाठ केलेलं नाही, जसं आठवेल तसं. सुताराच्या घरात वाढला, रोग्यांना हात लावून बरं करायचा, ज्यांना कुणी जवळ करत नाही त्यांच्याकडे जेवायचा, आणि शेवटी त्याला खिळे ठोकून खांबावर टांगलं. मधेमधे माझंही सांगितलं. मालकांच्या आजारात मी त्याच्यावर किती रागावले होते आणि तरी त्याला सोडून जाता आलं नाही, हे मी तोवर पाळकसाहेबांनाही बोलले नव्हते. तिचे हात थांबले होते.

"तो मेला तवा त्याची माय होती का तेथी?"

"होती. खाली उभी होती."

ती सुपातले दाणे नुसते चाळवत राहिली. मग हलकेच म्हणाली, "मंग त्या माउलीले माह्या जिवाचं समजत असन."

गिरजामाय कधी चर्चला आली नाही. तुळशीला पाणी घालणं तिनं सोडलं नाही आणि मीही तसं सुचवलं नाही. मंडळीत कुणी विचारलं असतं की किती जणांना प्रभूकडे आणलंस, तर एकालाही नाही, हेच उत्तर होतं.

२००५ साली तिचा मुलगा अल्लीपूरला शेतीवर राहायला गेला आणि तिलाही जावं लागलं. मी बसपर्यंत पोचवायला गेले होते. बसमध्ये चढताना तिनं माझा हात धरला. "सुमनसाठी सांगत जाजो त्याले."

मी विचारलं, "सुमन कोण?"

"माही लेक."

अकरा वर्षं मी त्या भिंतीला भिंत लावून राहिले होते. देवाविषयी काय बोलावं याच्या चिंतेत इतकी वर्षं गेली, पण तिच्या लेकीचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. बस निघून गेली तरी मी फाट्यावर उभी होते. प्रभूनं माझ्याकडून काम करून घेतलं, तेही माझा आवाज काढून घेऊन आणि दुसरीच्या तोंडानं. आता कुठं काय बोलायचं हे मी त्याच्यावरच सोडलंय. घर पूर्वीसारखंच शांत आहे. संध्याकाळी दिवा लावला की मी आधी सुमनचं नाव घेते, मग माझं.