पडद्यामागच्या वैनी

आमच्या वैनींना मत होतं. कुणी म्हणेल, त्यात काय एवढं, मत कुणाला नसतं? तर ज्यांनी निजामाच्या राज्यातली आमच्या शिरड शहापुराकडची घरं पाहिली आहेत, त्यांनाच ह्यातली गंमत कळेल. आमच्या घरात मत असायचं ते एकट्या दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. आईला दुखणी होती, मला गावच्या शाळेतली मास्तरकी होती, गड्यांना कामं होती. मत मात्र दादांचं. आणि अशा घरात वैनी लग्न होऊन आल्या त्या स्वतःचं मत घेऊनच आल्या.

दादांनी एकदा बाजारातून बैल आणला. देखणा, शिंगं रंगवलेली. विकणारा मालक स्वतः पोचवायला आला होता. वैनींनी बैलाच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि आत येऊन म्हणाल्या, "बैल झाक हाये. पण मालक निघताना त्याच्या पाठीवर हात ठेवून न्हाई गेला." दादा म्हणाले, बाईमाणसानं बैलात बोलू नये. महिनाभरात कळलं की हा बैल नांगराला जुंपला की तिसऱ्या तासाला सरळ खाली बसतो. दादांनी गुपचूप तो विकून टाकला. वैनी बराबर होत्या हे त्यांच्या तोंडून काही आलं नाही, आणि वैनींनीही टोमणा मारला नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "म्या पाह्यलं ते सांगून राहिले. घ्या, न्हाईतर सोडा." बहुतेक वेळा आम्ही सोडतच होतो.

औंढ्याला शिवरात्रीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू यायचा. लढाई चालू होती त्या दिवसांत एका वर्षी आम्ही सगळे बैलगाडीनं गेलो. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा. पुरुष पडद्याच्या पुढं आणि बायका पडद्याच्या मागं. बायकांची बसायची सोय म्हणून तंबूवाल्यानंच ही रीत पाडली होती. कापड पातळ, चित्र दोन्हीकडून दिसायचं. आवाज तर काय, साऱ्या जत्रेला ऐकू जायचा. वैनी, त्यांची थोरली गोदा आणि धाकटी कमळा मागच्या बाजूला बसल्या, मी आणि दादा पुढं.

खेळ जीव मुठीत धरून बघायचा होता. घाटातल्या एका सराईमध्ये सात अनोळखी प्रवासी मुक्कामाला उतरतात. पाऊस, दरड कोसळते, दार बुजतं. आत एकच खोली, एकच पाण्याचा माठ. पहिल्याच रात्री एकजण मरतो. माठात कुणीतरी काही कालवलेलं असतं. वीज चमकताना एका म्हाताऱ्या मुनशीनं फक्त हात पाहिलेला असतो, आणि तो म्हणतो, हात डावा होता. झालं. तेव्हापासून जो तो दुसऱ्याच्या हाताकडं बघत बसतो. त्यातला एक साधू उपास म्हणून काहीच खात नाही. शेवटी भुकेनं कळवळून तो भाकरीला हात घालतो, तो डावा. सगळे मिळून त्याला धरतात, बांधतात, आणि तेवढ्यात बाहेरून दरड उपसली जाते. पुढं बसलेल्या आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकून टाळ्या पिटल्या.

सकाळी गाडीत परतताना जो तो आपलं मत सांगू लागला. आमच्याबरोबर गावचा एक मेंढपाळ आला होता, तो चिडलेलाच होता. म्हणाला, खोलीला कौलं होती. चार कौलं सरकवून वर निघायचं सोडून सात दिवस आत रडत बसले, पैसे फुकट गेले. दादांना वाटलं, मुनशीनं पहिल्याच रात्री ओरडायला पाहिजे होतं. वैनींची तक्रार वेगळीच होती. सात माणसं एका खोलीत कोंडली आणि एकानं दुसऱ्याला गाव विचारलं नाही? आपल्याकडं दोन माणसं एका गाडीत बसली तर कोस संपायच्या आत त्यांचं नातं निघतं. ह्यावर आम्ही सगळे हसलो, आणि ते हसणं चांगलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "आणि त्या गरीब साधूला काहून धरलं? डाव्या हातानं खाणारे तर ते बाकीचे. सगळेच्या सगळे डावरे. तेवढा एक माणूस उजव्या हातानं जेवायला बसला, आणि त्यालाच बांधला."

दादांनी मागं वळून वैनींकडं पाहिलं. मग दादा असे हसले की बैल बुजले. मेंढपाळ हसला, मी हसलो. वैनी काही मागं हटल्या नाहीत. मुनशी डावा हात म्हणाला हे त्यांनी कानांनी ऐकलं होतं. साधूनं भाकरी उजव्यानं उचलली हे डोळ्यांनी पाहिलं होतं. गोदाही म्हणाली, व्हय, मी पण तसंच पाह्यलं. दादा म्हणाले, "गोदीची माय, तुला डावं-उजवं कळून न्हाई राहिलं." वैनींनी आपला उजवा हात बांगड्यांसकट त्यांच्यापुढं धरला. म्हणाल्या, ह्या हातानं वीस वर्षं तुमाला वाढून राहिले, मला कळत न्हाई?

पण एकदा गावात हसं झालं की झालं. दादांनी ही गोष्ट पारावर सांगितली. तिथून ती न्हाव्याकडं, न्हाव्याकडून साऱ्या गावात. पुढं वैनी काहीही बोलल्या की घरातलं कुणीतरी विचारायचं, डावीकडून का उजवीकडून? भाजीत मीठ जास्त म्हणाल्या, तरी तेच. पाऊस येईल म्हणाल्या, तरी तेच. वैनी सुरुवातीला हसण्यावारी न्यायच्या. नंतर चिडायच्या. मग चिडणंही कमी झालं.

पुढच्या शिवरात्रीला तंबू पुन्हा आला. खेळ दुसरा होता, राजाराणीचा. मध्येच आईला चक्कर आल्याचा निरोप आला म्हणून मी पडद्यामागं गेलो. आईला पाणी पाजलं, वर मान केली, आणि जागच्या जागी थिजलो. पडद्यावरचा राजा तलवार डाव्या हातात धरून लढत होता. राणीचा पदर भलत्याच खांद्यावर. किल्ल्याच्या दारावर लिहिलेली अक्षरं सगळी उलटी. पुढून जे उजवं ते मागून डावं. साधी गोष्ट. इतकी साधी की एखाद्या लेकरानंही सांगितली असती. पण अक्षरं उलटी आहेत हे कळायला आधी अक्षरं यावी लागतात, आणि मागं बसलेल्या शेदीडशे बायकांत अक्षर येणारी एकही नव्हती. वैनींनी जे पाहिलं ते नेमकं तसंच होतं. त्यांनी त्यावरून काढलेला न्यायही चोख होता. चूक एवढीच की त्या कुठं बसल्या होत्या, हे आम्ही कुणी ध्यानातच घेतलं नाही.

आता कुणीही म्हणेल, मग मास्तर, तुम्ही घरी येऊन सांगितलं असेल. नाही सांगितलं. दादांचा चांगला वर्षभर चाललेला विनोद होता. पारावर चारचौघांत ते खोटे पडले असते, आणि दादांना खोटं पाडायची माझी टाप नव्हती. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिलो. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारायचो आणि घरी तोंडात मिठाची गुळणी. आज इतक्या वर्षांनीही त्या स्वतःचा मला असा संताप येतो की काय सांगू.

त्याच उन्हाळ्यात गोदाला बघायला डोंगरकडा गावची मंडळी आली. घर भरलेलं, केळीचा बाग, मुलगा एकुलता. दादा भाळले होते. ओसरीवर जाजम टाकलं, पितळी पेल्यांतून चहा आला. पेले असे तापलेले की मुलाच्या चुलत्यानं उपरण्याच्या टोकानं धरला, मी धोतराच्या सोग्यानं. वैनी माजघराच्या दाराच्या फटीतून बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी दादांना आत बोलावलं. मी दाराशीच बसलो होतो, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"पोराच्या हाताला चटका कळून न्हाई राहिला. सगळ्यांनी पेला खाली ठेवला, त्यानं तसाच धरून ठेवलाय."

दादांनी विचारलं, कोणत्या हाताला? वैनी म्हणाल्या, उजव्या.

दादा तिथंच हसले. बाहेर येताना माझ्याकडं बघून डोळा घातला आणि हळूच म्हणाले, हिला पुन्हा उजवा हात दिसला. आणि मी काय केलं? हसलो. मुलगा माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. मी त्या हाताकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बोलावं लागलं असतं. सुपारी त्याच दिवशी फुटली.

वर्षानं गोदा पंचमीला माहेरी आली. झोके बांधले होते, ही झोक्यावर बसेना. खोदून विचारल्यावर म्हणाली, त्यांची बोटं बिडीनं भाजतात आणि त्यांना कळत नाही. मांस जळल्याचा वास मलाच आधी येतो. वैद्यानं महारोग सांगितला. सासरच्यांना आधीपासून ठाऊक होतं, हे मागाहून कळलं. दादा कुऱ्हाड घेऊन डोंगरकड्याला निघाले होते, गोदानंच अडवलं. ती परत जाणार होती. म्हणाली, "त्यांचा काय गुन्हा? मी न्हाई गेले तर त्यांना चुलीजवळून कोण सरकवील?" सासरच्यांनी शेताच्या कडेला दोन खोल्या बांधून दिल्या होत्या, तिथं नवराबायको राहत. वैनी महिन्यातून एकदा भाकरीपिठाचं गाठोडं घेऊन जायच्या.

तेव्हा मी एकदाचं त्यांना सांगितलं. त्या परसात शेंगा फोडत होत्या. पडदा, मागची बाजू, उलटं चित्र, मला केव्हा कळलं ते, आणि मी गप्प बसलो ते, सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील, निदान मला शिव्या तरी देतील. मला शिव्या हव्याच होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "भावजी, तुमाला ठाऊक होतं. आणि तुमी दाराशीच बसला होता." एवढंच. सूप उचललं आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या. मी तिथं किती वेळ उभा होतो, त्यांनी वर पाहिलं नाही. दादांनाही मी त्याच दिवशी सांगितलं. ते ऐकून घेऊन गोठ्यात गेले आणि जेवायला आले नाहीत.

त्यानंतर वैनींचं मत संपलं. नवं लुगडं आणलं, कसं आहे? तुमी म्हणाल तसं. ज्वारी आत्ता विकावी का थांबावं? तुमी म्हणाल तसं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. घरात कुणाच्या भांडणाला कुणी इतकं तरसलेलं मी पाहिलं नाही. दादा मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलून बघायचे, म्हणजे त्या बोलतील. गाय दिसत असून म्हैस म्हणायचे. वैनी म्हणायच्या, बरं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं मुलखाची झोप उडाली होती. गावोगाव लोक पोरींची लग्नं घाईघाईनं उरकत होते. हुंडा-मानपान कुणी बघत नव्हतं. रात्रीतून माणसं घर सोडून निजामाच्या हद्दीपलीकडं, वऱ्हाड प्रांतात पळत होती. कमळा सोळा पार करून गेली होती. अशात कनेरगाव नाक्याकडचं एक स्थळ चालून आलं. मुलगा, त्याचा बाप आणि मामा, असे तिघंच आले. चार दिवसांत लग्न लावून हद्दीपार घेऊन जातो म्हणाले. ह्याहून मोठी सोय त्या दिवसांत कुठली? ओसरीवर बोलणी होत आली. सुपारी ताटात होती. मी खाली जाजमाकडं बघत, पोरांचे पाढे ऐकावेत तसा मुलाला प्रश्न विचारत होतो, उगाच, काही सुचत नव्हतं म्हणून.

दादा मधेच उठले. पाहुण्यांदेखत माजघराच्या दाराशी गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी वैनींना विचारलं, "गोदीची माय, तुला काय दिसतं?"

"तुमी म्हणाल तसं."

"तसं न्हाई. तू पाह्यलं ते सांग. तू नको म्हणालीस तर मी आत्ता नको म्हणतो."

वैनी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होत्या. दाराकडं त्यांची पाठ होती, बहुतेक पाहुणे आल्यापासून. थापायची थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "म्या पाह्यलंच न्हाई."

दादा दारातून मागं फिरले. मग त्यांनी बाहेर येऊन पाहुण्यांपुढं हात जोडले. आमचं जमायचं नाही म्हणाले. मुलाच्या बापानं कारण विचारलं. दादांनी एवढंच पुन्हा म्हटलं, माफ करा, जमायचं नाही. तिघंही पाणीसुद्धा न पिता गाडी जुंपून निघून गेले. मुलगा चांगला होता की वाईट, ते आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. त्याच्याकडं बघितलंच नव्हतं आमच्या घरात कुणी.