मामाचा हिरवट फोटो

माझा मामा फोटो छापतो. रंगांबद्दल कुणी कुरकुरलं की तो चष्मा कपाळावर चढवून नाकातून म्हणतो, "मशीन खोटं बोलत नाही, ताई. डोळे तपासून घ्या." मी त्याची ही नक्कल केली की आतून मामी, मामाच बोलला असं समजून, ओ देते.

मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी गेलेल्या नवऱ्याचा फोटो मोठा करून घेतला. चेहरा हिरवट आला. "हे असे नव्हते हो," त्या म्हणाल्या. मामाने नेहमीचंच ऐकवलं.

आज त्याला चूक सापडली. कागद मॅट होता आणि कॉम्प्युटरवर कलर प्रोफाइल ग्लॉसी कागदाचं राहिलं होतं. प्रत्येक कागद शाई वेगळी पितो, म्हणून रंग बिघडले. योग्य प्रोफाइल लावून त्याने नवा फोटो छापला आणि आम्ही तो द्यायला गेलो.

बाई नवा चष्मा लावून बसल्या होत्या. "तुमचं ऐकून डोळे तपासले, दादा. तरी हे हिरवेच दिसतात. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही आता."

मामाची मान खाली गेली. "डोळे ठीक आहेत तुमचे. चूक माझी आहे," तो म्हणाला. या वेळी नाकातून नाही.

घरी मामी म्हणाली, "कर की मामाची नक्कल."

मी म्हटलं, घसा बसलाय.