सासऱ्यांच्या उठाबशा

लग्न होऊन मी मुलुंडला आले, तेव्हा माझ्या नोकरीबद्दल चारचौघांत काय सांगायचं हा सासूबाईंपुढे मोठाच पेच होता. परळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी संशोधन करत होते. म्हातारपणात आणि आजारपणात माणसाचे स्नायू का झिजतात, हा माझा विषय. सासूबाईंना ‘स्नायू’ हा शब्द काही पटेना.

“म्हणजे मांसच ना गं?”

मी हो म्हटलं. चातुर्मासात कांद्याला न शिवणारं आमचं घर. तेव्हा “सून डॉक्टर आहे” एवढंच बाहेर सांगायचं ठरलं, आणि घरी आल्यावर मी आधी न्हाणीघरात जायचं, मगच स्वयंपाकघरात, असा नियम झाला.

प्रयोगशाळेत मी उंदरांचा एक पाय प्लास्टरमध्ये बांधून ठेवायचे आणि काही आठवड्यांनी सोडवायचे. धडधाकट उंदीर, पण बांधलेला पाय काटकुळा झालेला असे. म्हाताऱ्या उंदराचा पाय पुन्हा भरायला तर फारच वेळ लागे. आमचे विभागप्रमुख या विषयावर तासन् तास बोलत, तेही खुर्चीतून न उठता. हाताच्या अंतरावरचं पुस्तकसुद्धा त्यांना शिपायाने आणून द्यावं लागे.

एका पावसाळ्यात आमच्या गल्लीत मुदतीचा ताप आला. माझे सासरे आणि शेजारच्या बंगल्यातले निवृत्त मास्तर एकदमच आजारी पडले. नव्या औषधाने दोघांचाही ताप उतरला. दोघांचे डॉक्टर एकच. त्यांनी दोन्ही घरी सांगितलं, “आता संपूर्ण विश्रांती.”

मग जी सेवा सुरू झाली, ती काय सांगावी! मामंजी कचेरीत हेडक्लार्क होते. आयुष्यभर त्यांनी साहेबांची घंटी ऐकली होती. आता उशाशी पूजेतली घंटा ठेवून तेच ती वाजवू लागले. माझ्या नवऱ्याची आत्या खास गिरगावातून आली होती. ती त्यांच्या तोंडाला चहाची बशी लावायची, कूस बदलायलाही हात द्यायची. चादर बदलताना एकदा मला त्यांची पोटरी दिसली आणि थेट माझा उंदीर आठवला.

“मामंजी, तुम्ही आता उठायला हवं.”

“डॉक्टर नाही म्हणालेत.”

“प्रयोगशाळेत आम्ही उंदराचा पाय बांधून ठेवतो ना, तस्साच झालाय तुमचा पाय.”

“सूनबाई, मला उंदीर म्हणतेस?”

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. रात्री नवरा म्हणाला, “तुझं बरोबर असेलही, पण लोक काय म्हणतील?” विज्ञानावरचा एवढा नेमका आक्षेप मी विभागप्रमुखांकडूनही ऐकला नव्हता.

शेवटी मी मामंजींना एकटं गाठून खरं ते सांगितलं. “असेच पडून राहिलात तर उद्या परसाकडेही दोघांनी धरून न्यावं लागेल.” त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाले, “दार लाव.”

आम्ही सुरुवात केली. खुर्चीतून उठायचं, खिडकीचे गज धरून उभं राहायचं, पुन्हा बसायचं. त्यांचे पाय लटलट कापायचे, घाम फुटायचा, आणि ते माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. दार लावलं तरी खिडकी उघडी होतीच. कोपऱ्यावरच्या घरापर्यंत बातमी पोचली, की डॉक्टर सून सासऱ्याला उठाबशा काढायला लावते. पलीकडच्या गल्लीत जाईपर्यंत त्यात ‘कान धरून’ची भर पडली होती.

दिवाळीला मामंजी स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊन आकाशकंदील घेऊन आले. आत्याबाई म्हणाल्या, नवस फळला. सासूबाई म्हणाल्या, च्यवनप्राश. मामंजी म्हणाले, “आमचं हाडच मुळात चिवट.” माझं नाव कुणी घेतलं नाही. विभागप्रमुखांना सांगितलं, तर ते म्हणाले, “एका माणसावरून काय सिद्ध होतं? तुलनेला दुसरा हवा.”

दुसरा शेजारीच होता. मास्तरांचे मुलगे गुणी, सुना त्याहून गुणी. मास्तरांनी पापणी हलवली तरी कुणीतरी धावे. मास्तरांनाही उठवून बघू का, असं मी विचारायला गेले, तेव्हा थोरली सून गोड हसून म्हणाली, “आमच्याकडे वडील माणसांना त्रास द्यायची पद्धत नाही हो.”

मामंजी मात्र चिडले. रोज दुपारी काठी टेकत शेजारी जायचे आणि दारातूनच ओरडायचे, “ऊठ रे! किती लोळशील?” त्यांनी मास्तरांना पलंगाच्या कडेला बसवलं, त्यांचे पाय जमिनीला टेकवले. पण गुडघे धरेनात. मी एकदा सोबत गेले होते. मास्तर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “जन्मभर पोरांना बाकावर उभं केलं. आता मलाच कुणी उभं करीना.”

पुढल्या आठवड्यात मुलांनी मामंजींना नम्रपणे सांगितलं, की तुमच्या येण्याने बाबांना थकवा येतो.

उन्हाळ्याच्या आधीच न्यूमोनियाचं निमित्त होऊन मास्तर गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणत होता, “मुलांनी काही कमी पडू दिलं नाही.” आणि ते खरंच होतं. मामंजी स्मशानात चालत गेले आणि चालतच परत आले. विभागप्रमुखांना मी दुसऱ्या माणसाबद्दल काही सांगितलं नाही.

तेरावं झालं आणि समोरच्या काकू मागच्या दाराने आल्या. त्यांचे यजमान दम्याने अंथरुणाला खिळले होते. इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, “ते उठाबशांचं आमच्या ह्यांनाही शिकवशील का गं? पण रविवारी दुपारी ये. आमची सून तेव्हा झोपलेली असते.”

मी हो म्हणायच्या आत बाहेरच्या खोलीतून मामंजी ओरडले, “मी पण येतो! तो माझ्याशिवाय उठायचा नाही.”