नणंदबाईंना छप्पर सोसत नाही

घराला छप्पर घालणं ही माणसाच्या हातून झालेली सगळ्यात मोठी गफलत आहे, असं मनापासून मानणारी बाई अख्ख्या कुवेतमध्ये एकच असेल, आणि ती नेमकी माझी नणंद निघावी हा माझ्या पत्रिकेतलाच योग म्हणायचा. नणंदबाई माझ्या नवऱ्याहून मोठ्या, इथल्या एका बँकेत नोकरीला. आम्ही त्यांना ताई म्हणतो. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं एका हळदीकुंकवाला कुणीतरी चोंबडेपणाने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तंबूत राहायला तयार असलेलं स्थळच कुणी आणलं नाही." विचारणारी बाई हसली. मी हसले नाही, कारण त्या खरंच सांगत होत्या हे मला माहीत होतं.

मी लग्न होऊन पुण्याहून आले, तेव्हा कुवेत म्हणजे एसी, मॉल आणि मधे उरलेली वाळू, एवढीच माझी समजूत होती. पहिल्याच शुक्रवारी, नवरा अंथरुणात असताना, नणंदबाई आमच्या बनेद अल-गारच्या फ्लॅटच्या दारात उभ्या राहिल्या. पायात गमबूट, डोक्याला टॉवेल, हातात खुरपं. "चल, तुला गाव दाखवते," म्हणाल्या. मी चांगली गुलाबी साडी नेसून निघाले. संध्याकाळी परत आले तेव्हा ती साडी कोणत्या रंगाची होती हे आठवून सांगावं लागत होतं. दाखवलेलं गाव म्हणजे ओहोटीला उघडा पडलेला खाडीचा चिखल, आणि त्या चिखलात परांवर रांगणारे, डोळे वटारलेले मासे. कोकणात त्यांना नेवट्या म्हणतात, ही माहिती मला त्या दिवशी कुवेतमध्ये मिळाली. "तो मधला बघ, अगदी आमच्या जुन्या मॅनेजरसारखा," नणंदबाई म्हणाल्या, आणि मॅनेजरला नीट बघायला म्हणून दोन पावलं पुढे जाऊन गुडघ्यापर्यंत रुतल्या. लांबून एक कुवेती तरुण पाहत होता. तो बिचारा आपला पायघोळ झगा सावरत दोरी घेऊन धावत आला. तर नणंदबाई चिखलातूनच त्याला हात दाखवून म्हणतात, "शुवय्या, शुवय्या!" म्हणजे जरा थांब. मासा अजून बिळात गेला नव्हता ना! तो तरुण दोरी धरून मुकाट उभा राहिला. शेवटी नणंदबाई बाहेर आल्या, पण बूट तिथेच राहिले. परतीच्या वाटेवर त्या अनवाणी गाडी चालवत होत्या आणि मला विचारत होत्या, "मजा आली की नाही?"

त्यांचं गणित सोपं होतं. विकत आणलेली भाजी ही भाजी नव्हे, आणि भिंतींच्या आत झालेली झोप ही झोप नव्हे. वफ्र्याच्या शेतांवर काकडीच्या वाफ्यांमधून उपटून फेकलेली घोळ दिसली की त्या गाडी थांबवायच्या. तिथल्या कामगारांशी हिंदीत गप्पा मारायच्या आणि डिकी भरून घोळ घेऊन यायच्या. मग आठवडाभर आमच्याकडे घोळीची भाजी, घोळीचं पिठलं, घोळीचे पराठे. आमची मुलगी एकदा ताट बघून म्हणाली, "आत्या, धिस इज लिटरली वीड्स." त्यावर आत्या म्हणाल्या, "हो ना, आणि तुझ्या पिझ्झ्यावर काय असतं ते मी बोलले का कधी?" थंडीत तंबूंचा मोसम सुरू व्हायच्या आधी नवा तंबू तपासायचा म्हणून तो त्यांनी आमच्या हॉलमध्ये उभारला होता. त्याच संध्याकाळी नवऱ्याचे साहेब सपत्नीक चहाला आले. सोफा तंबूच्या पोटात गेलेला. साहेबांनी रांगत आत शिरून चहा घेतला. पुढे मात्र ते भेटतील तिथे तंबूचीच चौकशी करायचे.

या सगळ्यात त्यांचा जीव कशात अडकला असेल, तर आंबट चुक्यात. हिवाळ्यात दोन सरी बऱ्या झाल्या की वाळवंटात हा चुका आपोआप उगवतो. अरब लोक त्याला हुमैद म्हणतात आणि नुसताच चावून खातात. नणंदबाईंना कुवेतमध्ये आल्या आल्या, घरची आठवण येऊन रडकुंडीला आल्या असताना, तो पहिल्यांदा दिसला. "आईच्या परसातला चुका, आणि इथे! मला वाटलं, मग राहू शकेन मी इथे," असं त्या सांगायच्या. तेव्हापासून दर हिवाळ्यात साल्मीच्या रस्त्यापलीकडच्या एका खोलगट जागी जायचं, चुका खुडायचा, तिथेच स्टोव्ह पेटवून डाळ-दाणे घालून पळीवाढी भाजी करायची, वर लसणीची खमंग फोडणी, आणि घरून नेलेली भाकरी. तिथे मीही दोन भाकऱ्या जास्त खाते, हे मी कबूल करते.

मग त्यांची नोकरी संपायची वेळ आली. नोकरी संपली की इकामा संपणार, म्हणजे इथे राहायचा परवाना गेला. उन्हाळ्याच्या आत नाशिकला परत. नणंदबाईंनी ते फार शांतपणे घेतलं. तंबू वाटून टाकले, भांडी वाटली, मला खुरपं दिलं. फक्त एवढंच म्हणाल्या, "एकदा चुका खाऊ आणि मग मी जायला मोकळी." आणि नेमका त्याच हिवाळ्यात पाऊस रुसला. दर शुक्रवारी त्या साल्मीला जायच्या, मान खाली घालून ती खोलगट जागा पालथी घालायच्या आणि रिकाम्या हाताने यायच्या. आधी आल्यावर तासभर बडबड असायची. मग अर्धा तास झाली. मग नुसतं, "नाही गं." ज्या बाईला गप्प बसवायला आम्ही वर्षानुवर्षं धडपडलो, तिचं गप्प बसणं आमच्याने बघवेना.

माझा नवरा हिशेब तपासनीस आहे. शहरातल्या राई भागात त्याचं ऑफिस. वाळवंटाचं त्याला काडीचं प्रेम नाही. कॅम्पला आला तरी गाडीच्या काचा वर करून बसणारा माणूस. पण शेवटच्या आठवड्यात तो एकाएकी सुट्टी टाकून वफ्र्याला गेला. तिथल्या एका शेतावर पाणी घालून वाढवलेला चुका मुळासकट काढून घेतला, क्रेटमध्ये भरला, आणि गुरुवारी दुपारी एकटाच साल्मीला जाऊन लावून आला. घरी आला तो नखात माती घेऊन, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद. "ताईला कळणारसुद्धा नाही," मला म्हणाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. टेकाड चढून मी खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सगळं वाळवंट कोरडं ठणठणीत, आणि मधोमध चुक्याच्या तीन सरळ ओळी. दोन रोपांत बरोबर वीतभर अंतर. सुरुवात एका रेषेत, शेवट एका रेषेत. प्रत्येक रोपाखाली ओल्या वाळूचं गोल वर्तुळ. ताळेबंद मांडावा तसा त्याने चुका मांडला होता. नणंदबाई थांबल्या. रानातलं पान आणि शेतातलं पान डोळे मिटून ओळखणारी बाई ती. आता फटाका फुटणार म्हणून मी वाट बघत राहिले. त्या गुडघ्यांवर बसल्या, एक पान खुडून तोंडात टाकलं आणि ओरडल्या, "अगं बाई, उगवला की गं! आणि किती आंबट आहे!"

नवरा हरखला. न विचारता माहिती देऊ लागला, "पहाटेचं दव असतं ना, ताई, तेवढ्यावरसुद्धा येतो हा." "हो का? बरं झालं सांगितलंस, बाळ्या," नणंदबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पानांवर वाकल्या. भाजी झाली. आम्ही वाळूत बसून चाटूनपुसून खाल्ली. नवराही गाडीत जाऊन न बसता सतरंजीवर मांडी घालून जेवला.

निघायच्या वेळी आम्ही सामान गाडीत भरत होतो. नणंदबाई पाण्याची बाटली घेऊन मागे गेल्या आणि एकेका रोपाच्या मुळाशी पाणी घालू लागल्या. आमच्याकडे न वळताच म्हणाल्या, "बाळ्या, पुढच्या वर्षी जरा वाकडातिकडा लाव हो. इतका शिस्तीत नाही उगवत तो."

नवरा रिकामा स्टोव्ह हातात धरून उभा राहिला. "बरं, ताई," म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला. नणंदबाई मात्र वळल्या नाहीत. शेवटच्या रोपाशी त्या उगाचच रेंगाळल्या, त्याचे डोळे पुसून होईपर्यंत.